मोरखारची काठी

मोरखारात बंदूक एकच, आणि ती हिरामणची. बंदूक म्हटल्यावर लगेच कुणी छाती फुगवून बसू नये. ठासणीची, एकनळी, जुनी. हिरामणच्या बायकोपेक्षा, म्हणजे मैनापेक्षा, वीतभर उंच आणि तिच्यापेक्षा पुष्कळ कमी आवाजाची. दारू सर्दावली की नुसती फुसकन श्वास सोडून गप्प बसायची. पण गावाच्या मागं डोंगर आणि पुढं खारी, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली भातशेतं. डोंगरातून रानडुकरं उतरत ती थेट भातात, आणि भात निघालं की वालात. डुकराला सातबारा वाचता येत नाही. कुणाचं शेत हे न विचारता ते एका घराचं वर्षाचं खाणं उकरून जातं. हिरामणचा नेम फारसा कुणाला लागल्याचं ऐकिवात नव्हतं, पण बार ऐकला की डुकरं डोंगर चढायची. तेवढ्या आवाजावर गाव जेवत होतं.

हा परवाना पीक राखण्याचा होता आणि हिरामणनं तो भांडून मिळवला होता. त्याआधी गावात बंदूक होती ती खोताची. खोताचा माणूस चंदर ती मांडीवर घेऊन बांधावर बसायचा आणि त्या बसण्याबद्दल खळ्यावरून धान्य उचलायचा. डुकरं खायची त्याहून चंदर जास्त न्यायचा. फरक एवढाच की डुकरं दिवसाढवळ्या येत नसत. कुळकायदा आला, खोताच्या जमिनी कुळांकडं आल्या, तरी राखणीचं धान्य चालूच. बंदूक खोताची ना, मग. हिरामणच्या डोक्यात तिडीक गेली. शाळेची पायरी न चढलेला हा माणूस सुकटीच्या पुड्यांना गुंडाळून येणाऱ्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकला होता. त्यामुळं जगातली बातमी त्याला महिनाभर उशिरा आणि सुकटीच्या वासासकट कळायची, पण कळायची. त्यानं स्वतः अर्ज लिहिला आणि अलिबागेच्या कचेरीत जाऊन उभा राहिला. उद्या या म्हणणाऱ्याला तो उद्या दारातच भेटायचा. शेवटी त्याला टाळण्यापेक्षा परवाना देणं सोपं, असं कचेरीचं मत पडलं. हिरामणची बंदूक आली आणि चंदरचं धान्य बंद झालं.

परवान्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरांत शर्ती छापलेल्या होत्या. छापणाऱ्यानंही त्या वाचल्या नसाव्यात, पण हिरामणला पाठ होत्या. बंदूक नेताना रिकामी असावी. झाकलेली असावी, लोकांत मिरवू नये. जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सभेत नेऊ नये. आणि दर वर्षअखेरीस बंदुकीसकट कचेरीत हजर राहून परवाना नवा करून घ्यावा, नाहीतर बंदूक सरकारजमा.

आता ज्यानं हे लिहिलं त्याच्या दारात जीप असणार. सीटखाली बंदूक सारली, वर बायको बसवली, की झाली झाकलेली. हिरामणकडं काय होतं? आधी बांधावरून पायपीट, मग खाडी ओलांडायला होडी, मग पोयनाडपर्यंत पुन्हा पाय, आणि तिथून एस.टी. या सगळ्या वाटेवर माणसंच माणसं, आणि आपल्याकडच्या माणसाला दुसऱ्याच्या गाठोड्यात काय आहे हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

पहिल्या वर्षी त्यानं बंदूक सरळ गोणपाटात गुंडाळून खांद्यावर टाकली. एस.टी.त गोणपाट सरकलं, नळी दिसली, आणि पुढच्या थांब्यावर निम्मी गाडी उतरून गेली. ज्यांना उतरायचं नव्हतं तेही उतरले. दुसऱ्या वर्षी त्यानं ती पेंढ्याच्या भाऱ्यात घातली. पोयनाडच्या बाजारात एक गाय मागं लागली ती एस.टी.च्या थांब्यापर्यंत खातच आली, आणि थांब्यावर पोचताना हिरामणच्या खांद्यावर पेंढा कमी आणि बंदूक जास्त अशी अवस्था. गेल्या वर्षी चटईत गुंडाळली, दोन्ही टोकं सुंभानं आवळली आणि चुलतभावाला एका बाजूनं धरायला घेतलं. लोक हात जोडून बाजूला झाले. कुणी काही विचारलं नाही, कुणी डोकावलं नाही. झाकण्याच्या बाबतीत याहून सरस उपाय नव्हता. फक्त एस.टी.चा ड्रायव्हर मढं न्यायला तयार होईना. त्याला समजवायला हिरामणनं चटईचं टोक उघडून नळी दाखवली, तेव्हा तर तो मढंच बरं म्हणाला.

याच गोष्टीचं चंदरनं भांडवल केलं. हिरामण बंदूक जत्रेत मिरवतो, हळदीत नाचवतो, लोक घाबरतात, असा अर्ज त्यानं कचेरीत टाकला. मामलेदारांनी हिरामणला उभं करून सांगितलं की या वेळी सोडतो. पुन्हा जत्रेचं किंवा मिरवणुकीचं नाव कानावर आलं तर परवाना रद्द आणि बंदूक जप्त. हिरामण सगळं खोटं म्हणून तावातावानं बोलला, पण तावानं कागद बदलत नाही. बंदूक गेली तर चंदर पुन्हा खोताची बंदूक घेऊन बांधावर बसणार, हे गावातल्या कोंबडीलाही कळत होतं.

म्हणून यंदा मैनानं जातीनं लक्ष घातलं. घरात लांबरुंद मजबूत कापड एकच होतं, लाल खारवा. त्याची तिनं लांब पिशवी शिवली. दस्त्याचा फुगवटा ओळखू येऊ नये म्हणून एक सरळ वासा सोबत बांधला आणि खाली पेंढा दाबून सगळं एकसारखं गोल केलं. नळीत दव जाऊ नये म्हणून तोंडावर नारळाची करवंटी उपडी घालून फडक्यानं आवळली. दारू, ठासणी, सगळं घरी ठेवलं. नंतर लांब उभी राहून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता बापजन्मात कुनी बंदूक म्हननार न्हाय."

बाईचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं, हाच पुढचा सगळा घोळ.

मुदतीचा शेवटचा दिवस होता. कचेरीचं कॅलेंडर हिरामणच्या डोक्यात बरोबर होतं, पण देवाधर्माच्या तिथींशी त्याचं फारसं जमत नसे. त्याच दिवशी कार्लेखिंडीतल्या जाखमातेची मार्गशीर्षातली जत्रा होती हे त्याच्या गावीही नव्हतं. जत्रेला आसपासच्या गावांतून देवाच्या काठ्या निघतात. उंच काठी, तिला लाल कापड, टोकाला देवाचा टाक नाहीतर गोंडा, आणि ती धरणारा माणूस अनवाणी, गप्प. हिरामणनं खाजणातला चिखल तुडवताना वहाणा कमरेला खोचल्या होत्या. होडीत गर्दी होती, गुंडाळी आडवी धरायला जागा नव्हती, म्हणून ती उभी धरली. आणि गाठोड्याकडं लक्ष जाऊ नये म्हणून तोंड बंद ठेवलं.

मोरखारचं दुसरं कुणी होडीत नव्हतं, होडीवालाही नवा. समोर सोनाबाई बसली होती. वय झालेली, नाकात नथ, मांडीजवळ मासळीची पाटी. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाटी पायानं लांब सारली, पदर सावरला आणि विचारलं, "कुठली काठी रं दादा?"

हिरामण गोंधळला. बंदूक आहे म्हणावं तर होडी तिथंच कलती झाली असती आणि त्याच्या आधी बातमी अलिबागेत पोचली असती. खोटं बोलणं त्याच्या जातकुळीत नव्हतं. बंदूक मोरखारची, परवान्यावर मोरखार लिहिलेलं.

"मोरखारची," तो म्हणाला.

कुठं निघाली असं तिनं पुढं विचारलं, अलिबागला म्हणून त्यानं सांगितलं, आणि वाटेत खिंड लागते हे सोनाबाईला कुणी सांगायला नको होतं. ती वाकली, काठीच्या पायाशी डोकं टेकलं, कनवटीची कुंकवाची पुडी काढून खारव्यावर बोट ओढलं. मग होडीतल्या सगळ्यांनी रांग लावली. होडीवाल्यानं वल्हं ठेवून नमस्कार केला तेवढ्यात होडी ओहोटीनं भलतीकडंच गेली. हिरामणच्या कपाळाची शीर उडायला लागली, पण करणार काय? शिवी दिली तर देवीच्या काठीबरोबर शिवी.

किनाऱ्यावर उतरून तो झपाझप चालायला लागला. सोनाबाई मागून आलीच. आपल्याकडं काठी दारावरून गेली की बायका तांब्या घेऊन येतात आणि धरणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात. पोयनाडच्या वाटेवर घरं काही कमी नाहीत. प्रत्येक दारात हिरामणचे पाय धुतले गेले. मार्गशीर्षातली सकाळ, पाणी रांजणातलं, पायाची बोटं बधिर. एका दारात त्याला राहवलं नाही. पुरे करा, पाणी घालू नका, असं तो खेकसला. बाई घाबरून मागं झाली आणि शेजारणीला म्हणाली की काठी कडक आहे. हा शब्द त्याच्या पुढं धावला. पुढच्या घरांतून पाण्याबरोबर नारळही आले, काठीला हळद फासली गेली आणि हिरामणच्या कपाळाला कुंकू.

पोयनाडला एस.टी. उभी होती. गाडीत चढलो की सुटलो, असं हिरामणला वाटलं. कंडक्टरनं त्याला पुढची सीट मोकळी करून दिली, काठीचं तिकीट घेणार नाही म्हणाला. हिरामण म्हणाला सामानाचं तिकीट फाडा, कायदा आहे. कंडक्टरनं जीभ चावली. पण उभी काठी छताला अडली. हिरामणनं ती सहज आडवी करायला घेतली, आणि सगळी गाडी ओरडली. काठी आडवी करतात? मढं आहे का ती? एक म्हातारा तर सीटवरून उठून तिला हात लावून क्षमा मागायला लागला. काठी आडवी होऊ नये हा नियम, आणि गाडीचं छत काही उंच होईना. शेवटी कंडक्टरनं हात जोडून हिरामणला मानानं खाली उतरवलं. अपमान करून उतरवला असता तर हिरामणनं गाडी अडवली असती. मानानं उतरवलेल्या माणसाला भांडताही येत नाही. गाडीतले चारदोन भाविकही उतरले. म्हणाले, काठी पायी जाणार तर आम्हीही पायी.

तिथून पुढं हिरामण जोरात चालला तर लोक जोरात चालले, थांबला तर थांबले. केसर नावाची एक शेतकरीण नवस बोलून बरोबर लागली. एक ताशेवाला जत्रेलाच निघाला होता. त्याला फुकट काठी मिळाली. ताशा कडाडायला लागला तेव्हा कुठं हिरामणच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे काय आहे? ही मिरवणूक आहे. धार्मिक आहे. आणि पुढं, खिंडीत, पताका दिसताहेत, पाळणा दिसतोय, भज्यांचा वास येतोय. ती जत्रा आहे. परवान्याच्या पाठीवर जे जे करू नये म्हणून छापलं होतं ते ते करत, तो सगळ्यांच्या पुढं, बंदूक उभी धरून, ताशाच्या तालावर चालला होता.

दुसरी वाट नव्हती. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरड, मागं माणसं. जत्रेतून न थांबता पार व्हायचं, असं त्यानं ठरवलं. ते जमलंही असतं, पण भज्यांच्या गाडीजवळ चंदर उभा होता.

सगळ्या वाटेवर हजार माणसांना काठी दिसली होती. चंदरला बंदूक दिसली. कारण मोरखारला देवाची काठी नाही हे त्या गर्दीत फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि दुसरा ती धरून उभा होता. चंदरनं तोंडातलं भजं सावकाश गिळलं. बंदोबस्तावर असलेल्या जमादाराला हाताला धरून आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मोरखारला काठी कवा झाली? मी त्याच गावचा, मना तं ठाव न्हाय. साहेब, कापड सोडायला लावा याला."

असं म्हणून त्यानंच खारव्याच्या नाडीला हात घातला. चूक तिथं झाली. सोनाबाईनं पाटी खाली ठेवली, कासोटा आवळला आणि मधे आली.

"देवीच्या अंगावरचं लुगडं सोडतोस व्हय रं? हात काढ. न्हायतर हाताबिगर घरी जाशील."

मागून आणखी पाचसहा बाया पुढं सरल्या. ताशेवाल्यानं टिपऱ्या कमरेला खोचून हात मोकळे केले. चंदर मागं सरता सरता भज्यांच्या गाडीला टेकला. जमादारही कापडाला हात लावायला धजेना. नोकरी सरकारची असली तरी त्यालाही लेकरंबाळं होती.

हिरामणनं फक्त गप्प राहायचं होतं. आणखी थोडा वेळ तोंड मिटून उभा राहिला असता तर लोकांनी चंदरला डोंगराच्या पलीकडं पोचवला असता, आणि काठी वाजतगाजत पुढं. पण हिरामणचं डोकं उलट्या बाजूनं चालायचं. देवाच्या आड लपून वाचवलेला परवाना, तो कसला परवाना? खोतही देवाच्या नावानं पायलीभर जास्त उचलायचा, तेव्हा हाच हिरामण खळ्यावर उभा राहून भांडला होता. आता आपल्या सोयीचं आहे म्हणून देव चालतो? त्याला स्वतःचाच राग आला आणि तो राग, नेहमीप्रमाणं, दुसऱ्यांवर निघाला.

"बाजूला व्हा सगळी," तो म्हणाला. "काठीबिठी काय न्हाय ही. बंदूक हाय. माजी हाय, परवान्याची हाय, आन रिकामी हाय."

ताशेवाल्यानं टिपऱ्या पुन्हा हातात घेतल्या आणि काय वाजवावं ते न कळून पुन्हा खोचल्या. सोनाबाईनं हिरामणकडं पाहिलं, कुंकवानं माखलेल्या खारव्याकडं पाहिलं, मग आपल्या कुंकवाच्या बोटाकडं पाहिलं.

"आरं मेल्या, मंग सकाळी तोंडात गुळनी धरली होतीस काय?"

"तुमी इचारलं कुठली, मी सांगितलं कुठली. काय हाय ते कुनी इचारलं?"

"काठीला काय हाय म्हनून कोन इचारतं रं?"

लोकांत कुजबुज सुरू झाली. नारळ दिलेल्यांना नारळ आठवले, पाय धुतलेल्यांना पाणी आठवलं. दोघातिघांच्या बाह्या वर गेल्या. तेवढ्यात केसर रडवेली होऊन पुढं आली. ती तर या काठीला नवस बोलून बसली होती. वालात डुकरं येऊ नयेत म्हणून. आता हा नवस कुणाच्या खात्यावर गेला, असं तिचं म्हणणं.

हिरामण तिच्याकडं वळला. "त्या कामाला हिच्यापरीस दुसरी देवी न्हाय," तो म्हणाला.

आधी सोनाबाई हसली, मग बाया हसल्या, मग बाह्या खाली आल्या. हसू आलं की आपल्या लोकांना मारता येत नाही. हे एक वैगुण्य आहे, पण त्या दिवशी ते कामी आलं.

जमादार मात्र हसला नाही. त्यानं परवाना मागितला. हिरामणनं तो दिला आणि जमादाराला बारीक अक्षर लागेना म्हणून शर्ती तोंडपाठ म्हणून दाखवल्या. यातच लिहिलंय की जत्रेत आणि मिरवणुकीत नेऊ नये, असं चंदर भज्यांच्या गाडीमागून म्हणाला. हिरामणनं त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलं. मी बंदूक मिरवणुकीत नेली नाही, मिरवणूक बंदुकीमागं आली. परवानेदारानं मिरवणुकीत जाऊ नये असं छापलंय. मिरवणुकीनं परवानेदाराला गाठू नये असं कुठं छापलंय, दाखवा. जमादाराला ते पटलंही नाही आणि खोडताही येईना. अशा वेळी सरकारी माणूस जे करतो ते त्यानं केलं. म्हणाला, साहेबांपुढं चला.

हिरामण निघाला, चंदर निघाला, आणि साक्षीला म्हणून सगळी जत्रा निघाली. जमादार परत फिरा म्हणून ओरडला, पण पाय धुतलेल्या माणसाचं पुढं काय होतं हे पाहिल्याशिवाय कोण परत फिरणार? बैलगाड्या बाजूला काढायला जमादार काठी आपटत सर्वांत पुढं, त्याच्यामागं लाल कापडातली बंदूक, मागं बाया आणि बाप्ये. खिंडीच्या उतारावर ताशेवाल्याचा हात सुटला. त्याला दोष देऊन उपयोग नाही. उतार, गर्दी आणि गळ्यात ताशा, हात आपोआप पडतो. अलिबागेत शिरले तेव्हा दुकानदार बाहेर आले. यंदा सरकारची काठी निघाली वाटतं, असं कुणीतरी म्हणालं.

मामलेदार जेवून नुकतेच खुर्चीत बसले होते. आवाज ऐकून ते खिडकीशी आले. चंदरनं आत येऊन वाकून सांगितलं की साहेब, मागच्या खेपेस मी अर्ज दिला तो खोटा वाटला, आता मिरवणूक खिडकीतून बघा. मामलेदारांनी हिरामणकडं पाहिलं. कपाळाला कुंकू, पाय धुऊन लखलखीत, हातात बंदूक.

"काय म्हणणं आहे तुझं?"

हिरामणला वाटेत बोलायला पुष्कळ सुचलं होतं. कायदा, कुळं, खोत, डुकरं, जीप, सगळं. पण खिडकीतून खाली नजर गेली आणि त्यानं एवढंच सांगितलं, "साहेब, ही मिरवणूक असंल तर तिच्या म्होरं जमादारसाहेब व्हते. मिरवणूक नसंल तर शर्त मोडली न्हाय. आता काय ते तुमी ठरवा."

मामलेदार जमादाराकडं वळले. जमादार खडकन ताठ उभा राहिला. मिरवणूक मुळीच नव्हती, साहेब, तो म्हणाला. माणसं आपापल्या कामानं एकाच दिशेला येत होती. ताशा? ताशाबद्दल त्याला काही कल्पना नव्हती, कान दुखत होता.

मग मामलेदारांनी चंदरला विचारलं की वाटेत ही बंदूक आहे हे किती जणांच्या लक्षात आलं. चंदर म्हणाला, माझ्या एकट्याच्या. इतरांना काय वाटलं? देवीची काठी. मामलेदारांनी हिशोब मांडला. होडी, बाजार, एस.टी., जत्रा, एवढ्या सगळ्या लोकांतून बंदूक आली, लोकांनी तिला हात लावला, डोकं टेकलं, आणि एकालाही बंदूक दिसली नाही. याहून झाकलेली बंदूक त्यांच्या नोकरीत कचेरीत आली नव्हती. त्यांनी खारवा काढायला लावला, नंबर ताडून पाहिला, खारव्यातून नळीवर उतरलेली हळद बोटानं पुसून बघितली आणि परवान्यावर पुढच्या वर्षाचा शिक्का मारला. शाई वाळायच्या आत त्यांनी बजावलं की शर्ती येतानाच लागू असतात असं नाही, जातानाही असतात. घरी पोचेपर्यंत मिरवणुकीची एक तक्रार आली तर आजचा शिक्का आजच पुसतो. हे ऐकून चंदरच्या चेहऱ्यावर पुन्हा रक्त आलं. तो हिरामणच्या आधी बाहेर पडला.

कचेरीच्या आवारात चिंचेखाली सोनाबाई आणि मंडळी बसली होती. शिक्का मिळाला म्हणताच सगळी उठली आणि पदर झटकून मागं उभी राहिली. हिरामणनं हात जोडले. घरी जा, म्हणाला, बायांनो, उपकार झाले. सोनाबाईला ते पसंत नव्हतं.

"देवीची असो का डुकराची, हळद लागलीय तिला. हळद लागलेली काठी एकटी धाडीत न्हायत. येशीपरत पोचवायची असते."

हिरामणनं तिला शर्त समजावली. लोक एकत्र चालले की मिरवणूक, मिरवणूक झाली की परवाना गेला, परवाना गेला की चंदर बांधावर. ती सगळं ऐकून घेत होती. केसरनं तर एकदा हुंकारही दिला, कारण तिचा नवस त्या परवान्यावर होता. ऐकून झाल्यावर सोनाबाईनं विचारलं की लांबलांब चाललं तर चालतं का, आणि हिरामणनं शर्ती मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिल्या. लांबलांब चालण्याबद्दल काही छापलेलं नव्हतं.

ऊन उतरताना चंदर खिंडीत वडाखाली येऊन उभा राहिला. जमादाराला त्यानं बरोबर उभं केलं होतं. आधी हिरामण गेला, खांद्याला लाल गुंडाळी उभी धरून, एकटा, कुणाकडं न बघता. रस्ता पुष्कळ वेळ रिकामा राहिला. मग सोनाबाई आली, डोक्यावर रिकामी पाटी, आकाशाकडं बघत, जणू पाऊस येतो का ते पाहत होती. मग पुन्हा रस्ता रिकामा. मग केसर, हातात चारा. मग एक म्हातारा, मधेच थांबून पायातला काटा काढणारा, पायात काटा नसताना. मग ताशेवाला, ताशा पाठीला धोतरात गुंडाळून, हात खिशात, कारण हातांचा भरवसा नव्हता. खिंडीपासून खाडीपर्यंत सगळ्या रस्त्यावर माणसं विखुरली होती, आणि कुणी कुणाला ओळखत नव्हतं.

चंदरनं केसरला गाठून कुठं चाललीस म्हणून दरडावलं. ती म्हणाली, "माज्या कामाला. तू कुठं चाललास?"

चंदर जमादाराकडं वळला. साहेब, तुम्हीच बघा, सगळी त्याच्याच मागं चाललीत, तो म्हणाला. जमादारानं दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. एवढ्या अंतराची मिरवणूक त्याच्या ऐकण्यात नव्हती, आणि असली तरी आज त्याला ती दिसणार नव्हती. तुमची तक्रार असली तर लिहून द्या, तो म्हणाला, पण कोण कोण चाललं होतं त्यांची नावं घाला, सगळ्यांची. आणि तो जत्रेकडं भजी खायला गेला.

चंदर वडाखाली एकटाच उरला. दिवस कलत होता. होडी एकच होती, खाडी एकच, आणि मोरखारला दुसरी वाट नव्हती. शेवटी तोही निघाला. ताशेवाल्याच्या मागं, बरंच अंतर ठेवून, कुणाकडं न बघता.

ताशेवाल्यानं एकदा वळून पाहिलं आणि त्याला जरा मागं राहायला सांगितलं, म्हणाला, एवढं जवळ आलं की लोकांना मिरवणूक वाटते.